यंत्र आणि जुळणी : सातारा-सांगली परिसरातील दृक्-श्राव्य व प्रतिविषाणू संगणकप्रणालींच्या सेटिंगचा इतिहास

सारांश

संगणकीकरणाचा इतिहास लिहिताना संगणकाची खरेदी, प्रयोगशाळांची उद्घाटने आणि शासकीय योजना यांची नोंद सहसा घेतली जाते. विकत आणलेले यंत्र आपल्या गरजेप्रमाणे जुळवून घेण्याच्या, म्हणजेच 'सेटिंग' करण्याच्या कामाची नोंद मात्र क्वचितच होते. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात या उपेक्षित कामाचा मागोवा घेणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे. ध्वनी व चित्र दाखविणाऱ्या प्रणाली आणि विषाणूंपासून संरक्षण करणाऱ्या प्रणाली या परस्परांपासून भिन्न वाटल्या, तरी त्यांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. एकीने दिलेली सोय ही अनेकदा दुसरीपुढील संकट ठरली. या गुंत्यात निर्णय कोणाच्या हाती राहिला, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा येथे प्रयत्न आहे.

१. प्रस्तावना

सातारा आणि सांगली हे कृष्णाकाठचे दोन जिल्हे शिक्षण व सहकार यांच्या इतिहासात महत्त्वाचे स्थान राखून आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे मुख्य केंद्र सातारा येथे आहे. सांगलीत १९४७ पासून अभियांत्रिकीचे महाविद्यालयीन शिक्षण उपलब्ध आहे. तेथील महाविद्यालय पुढे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय या नावाने प्रसिद्धीस आले. कराड येथे १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. म्हणजेच, संगणक या परिसरात आला तेव्हा तंत्रशिक्षणाची भूमी येथे आधीच तयार होती.

असे असूनही संगणकाच्या स्थानिक इतिहासाचे लेखन फारसे झालेले नाही. जे आढळते ते बहुधा संख्येच्या भाषेत असते : किती संगणक आले, किती केंद्रे उघडली, किती विद्यार्थी प्रशिक्षित झाले. संख्या महत्त्वाची असली तरी ती एक मूलभूत बाब झाकून टाकते. खोक्यातून बाहेर काढलेला संगणक आणि प्रत्यक्ष उपयोगात येणारा संगणक यांमध्ये एक अंतर असते. हे अंतर कोणीतरी बसून, एकेक पर्याय तपासून, चुका करून आणि त्या दुरुस्त करून पार करावे लागते. या श्रमाचे दस्तऐवज उरत नाहीत, म्हणून ते इतिहासातही येत नाहीत.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) संगणकपूर्व काळातील स्थानिक यंत्रपरंपरेत 'जुळणी'च्या ज्ञानाचे स्थान स्पष्ट करणे.
२) संगणक-विषाणू व त्यावरील उपाय यांच्या इतिहासात सेटिंगची भूमिका तपासणे.
३) दृक्-श्राव्य सोय आणि सुरक्षितता यांमधील संघर्षाचे स्वरूप उलगडणे.
४) सेटिंगचा अधिकार स्थानिक वापरकर्त्याकडे असणे वा नसणे याचे परिणाम मांडणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून सार्वजनिक स्वरूपात उपलब्ध असलेल्या माहितीचा आधार घेतला आहे.

३. जुळणीची जुनी परंपरा

'सेटिंग' हा शब्द मराठीत इंग्रजीतून आला. परंतु त्यामागील कल्पना मराठीला परकी नाही. घड्याळ 'लावणे', तंबोरा 'लावणे', रेडिओ 'लावणे' या प्रयोगांत 'लावणे' या क्रियापदाचा अर्थ यंत्राला वा वाद्याला योग्य स्थितीत आणणे असाच आहे. जुळणी, मेळ, बेताने पिळणे, नेमके बसविणे हे शब्द कारागिराच्या रोजच्या व्यवहारातले होत.

सांगली जिल्ह्यातील मिरज हे या ज्ञानाचे उत्तम उदाहरण आहे. मिरजेची तंतुवाद्ये, विशेषतः सतार व तंबोरा, देशभर नावाजलेली असून २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. शस्त्रांना धार लावण्याचा पिढीजात व्यवसाय असलेल्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यनिर्मितीकडे वळून ही परंपरा रुजविली. तंबोऱ्याचा भोपळा आणि दांडी कितीही उत्तम असली तरी घोडीचा पृष्ठभाग घासून 'जवारी' साधली नाही, तर त्याचा नाद खुलत नाही. जवारीचे काम अत्यल्प पदार्थ काढण्याचे असते, परंतु वाद्याचे मोल त्यावर ठरते. शिवाय ते एकदा करून संपत नाही. तारांच्या घर्षणाने घोडी झिजते आणि जवारी पुन्हा काढावी लागते. वाद्य विकणारा आणि वाद्य जुळवून देणारा हे येथे एकाच गावात, अनेकदा एकाच घरात असतात, ही बाब लक्षणीय आहे.

यंत्रोद्योगातही हेच दिसते. १९१० मध्ये औंध संस्थानच्या भूमीवर किर्लोस्करवाडी वसली; हे ठिकाण आज सांगली जिल्ह्यात आहे. लोखंडी नांगर तयार करणे हे तेथील एक काम होते, तर तो शेतकऱ्याच्या जमिनीला आणि बैलांच्या ताकदीला जुळेल असे पाहणे हे दुसरे. साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यंत्रनिर्मितीचा पाया घातला. अशा कारखान्यांतून 'सेटर' हा कामगारवर्ग निर्माण झाला. यंत्र चालविणारा वेगळा आणि यंत्र लावून देणारा वेगळा, ही विभागणी कारखान्याने केली. आणि लावून देणाऱ्याचा मान नेहमी अधिक राहिला.

१९६३ मध्ये आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाल्यावर या परिसराचा श्राव्य माध्यमाशी असलेला संबंध दृढ झाला. रेडिओचा काटा केंद्रावर आणणे, एरिअलची दिशा बदलणे, खरखर कमी करणे ही कामे घरोघरी होत. त्यासाठी लागणारे ज्ञान अल्प होते. परंतु ते श्रोत्याचे स्वतःचे होते. पुढे संगणकाच्या काळात या स्थितीत झालेला बदल समजण्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानी घेणे आवश्यक आहे.

४. फ्लॉपीचा काळ : एका पर्यायाचे मोल

आयबीएम धर्तीच्या वैयक्तिक संगणकावर पसरलेला पहिला विषाणू म्हणून 'ब्रेन'चे नाव घेतले जाते. १९८६ मध्ये लाहोर येथील दोन भावांनी तो तयार केला. फ्लॉपीच्या पहिल्या विभागात, म्हणजे बूट सेक्टरमध्ये, तो स्थान घेत असे. १९९० च्या जून महिन्यात भारतात आढळलेला 'जोशी' विषाणू याच जातीचा होता. ५ जानेवारीस तो संगणक अडवून ठेवी आणि जोशी यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकलिखित करण्यास सांगे. तसे केल्यावर संगणक पुढे चालू लागे. त्याचा कर्ता अज्ञात राहिला. त्यानंतर १९९१ मध्ये सापडलेल्या 'मायकेलअँजेलो' विषाणूचे स्वरूप मात्र विनोदी नव्हते. ६ मार्च या दिवशी तो हार्ड डिस्कवरील माहितीचा आरंभीचा भाग पुसून टाकी. १९९२ मध्ये त्याची भीती जगभर पसरली.

जोशी आणि मायकेलअँजेलो या विषाणूंच्या प्रसाराचा मार्ग एकच होता. संगणक सुरू होताना प्रथम 'ए' ड्राइव्हमधील फ्लॉपी वाचत असे. काम संपल्यावर फ्लॉपी ड्राइव्हमध्येच विसरली आणि दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला, की फ्लॉपीतील विषाणू हार्ड डिस्कवर पोहोचे. यावरील उपाय महागडा नव्हता. बायॉसच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरुवातीचा क्रम 'ए, सी' असा होता तो 'सी, ए' असा बदलला, की विसरलेल्या फ्लॉपीतून होणारा हा संसर्ग थांबत असे. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद करणे किंवा साडेतीन इंची फ्लॉपीची छोटी खिटी सरकवणे, हाही तसाच बिनखर्चाचा उपाय होता. त्यामुळे फ्लॉपीवर काही लिहिले जाण्याची शक्यताच संपत असे.

म्हणजेच, एका पर्यायाच्या बदलाने अनेक वर्षांच्या नोंदी वाचू शकत होत्या. तथापि बायॉसचा निळा वा काळा पडदा उघडण्याचे धैर्य सामान्य वापरकर्त्यास नसे. तेथील भाषा इंग्रजी, शब्द अपरिचित आणि चूक झाल्यास संगणक सुरूच न होण्याची भीती मोठी. परिणामी जो उपाय कोणालाही करता आला असता, तो तंत्रज्ञ येईपर्यंत लांबणीवर पडत असे.

दृक्-श्राव्य साधनांची कथा याच काळात समांतर चालली होती. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये 'साउंड ब्लास्टर' हे ध्वनिकार्ड बाजारात आणले. ते बसविल्यानंतर पत्ता २२०, व्यत्यय-क्रमांक ५ किंवा ७, डीएमए-क्रमांक १ अशी मूल्ये हाताने भरावी लागत. हाच व्यत्यय-क्रमांक दुसऱ्या एखाद्या कार्डास दिला गेला असेल, तर आवाज येत नसे किंवा संगणकच थिजून जाई. डॉस प्रणालीत चालू कार्यक्रमांसाठी केवळ ६४० किलोबाइट स्मृती उपलब्ध असे. सीडी-रॉमची चालकप्रणाली, ध्वनीची प्रणाली आणि स्मृतीत ठाण मांडून पहारा देणारी प्रतिविषाणू प्रणाली या तिघींना त्याच जागेत राहावे लागे. मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये डॉसच्या सहाव्या आवृत्तीसोबत स्वतःची प्रतिविषाणू प्रणाली दिली, तेव्हाही हा प्रश्न सुटला नाही. आवाज हवा असेल तर पहारेकऱ्याला बाहेर काढणे, आणि पहारा हवा असेल तर आवाजावर पाणी सोडणे, असा हा पेच होता. सोय आणि सुरक्षितता यांमधील संघर्षाचे हे आरंभीचे रूप होय.

५. दुरुस्तीच्या दुकानातून प्रतिविषाणू प्रणालीकडे

भारतीय प्रतिविषाणू उद्योगाच्या इतिहासात सातारा जिल्ह्याचा संबंध थेट येतो. 'क्विक हील' या प्रणालीचे प्रवर्तक कैलास काटकर यांचा जन्म १९६६ मध्ये सातारा जिल्ह्यात झाला. त्यांचे वडील पुण्यात फिलिप्स कंपनीत नोकरी करीत. शालेय शिक्षणानंतर कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली आणि पुढे पुण्यात स्वतःचा दुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला. धाकटे बंधू संजय काटकर यांनी संगणकशास्त्राचे शिक्षण घेतले. दुरुस्तीसाठी येणाऱ्या संगणकांत विषाणूंचा उपद्रव वारंवार आढळत असल्याने संजय यांनी त्यावर उपाय करणारी छोटी साधने लिहिली. १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यांतूनच 'क्विक हील' ही प्रणाली आकारास आली. आरंभी 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' या नावाने चाललेली ही कंपनी २००७ मध्ये 'क्विक हील टेक्नॉलॉजीज' झाली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिची समभाग बाजारात नोंदणी झाली.

या वाटचालीकडे एका यशस्वी उद्योजकाची कथा म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तिच्यातील वेगळी बाब महत्त्वाची वाटते. ही प्रणाली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून किंवा मोठ्या भांडवलातून जन्मास आली नाही. ती दुरुस्तीच्या टेबलावर जन्मास आली. दुरुस्ती करणाऱ्यास यंत्र कोठे अडते हे ठाऊक असते. यंत्र बिघडण्याची कारणे कोणती, ग्राहक कोणता पर्याय चुकीचा निवडतो, कोणत्या संदेशाला घाबरतो, याचे ज्ञान त्याच्यापाशी साठत जाते. या अर्थाने रेडिओ, कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्त करणारा वर्ग हा कारखान्यातील 'सेटर'चा आणि मिरजेच्या जवारी काढणाऱ्या कारागिराचा वारस ठरतो. त्यात एक भेदही आहे. कारागीर आणि गिऱ्हाईक समोरासमोर असत. प्रणाली खोक्यात बंद होऊन दुकानात विकली जाऊ लागली, तेव्हा जुळणीचे निर्णय तयार करणाऱ्याने आधीच घेऊन टाकले. ग्राहकाच्या हाती 'पुढे', 'पुढे', 'समाप्त' ही बटणे तेवढी उरली.

६. वारणा परिसराचा अनुभव

१९९८ मध्ये केंद्र शासनाच्या माहिती तंत्रज्ञानविषयक धोरणाचा भाग म्हणून वारणानगर येथे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेण्यात आला. वारणा सहकारी समूहाच्या कार्यक्षेत्रातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे त्यात समाविष्ट होती. केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी खर्चाचा भार उचलला, तर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तांत्रिक बाजू सांभाळली. शेतीविषयक माहिती, बाजारभाव, जमिनीच्या नोंदी, शिक्षण आणि इंटरनेट असे व्यापक स्वप्न या प्रकल्पामागे होते.

प्रत्यक्षात गावोगावच्या केंद्रांचा उपयोग मुख्यतः ऊसनोंदणी, तोडणीचे परवाने, खतांची उचल आणि वजनाच्या नोंदी यांपुरता उरला. संगणकांची देखभाल, अनियमित वीजपुरवठा आणि दूरध्वनीच्या तारांवरील मंद जोडणी यांचा भार संस्थेस जाणवू लागला. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन केंद्राने 'वारणा अनवायर्ड' हा प्रयोग केला. सात गावांत सुमारे आठ महिने चाललेल्या या प्रयोगात संगणकाच्या जागी साधा मोबाइल फोन आणि लघुसंदेश वापरण्यात आले. आणि संगणकावर होणारे काम त्यावर समाधानकारकपणे होऊ शकते, असे दिसून आले.

या अनुभवाचा अर्थ 'ग्रामीण भागास संगणक पेलला नाही' असा लावणे अन्यायाचे होईल. ऊस उत्पादक शेतकऱ्यास हवी असलेली माहिती त्यास मिळत होती, मग ती संगणकावरून असो वा मोबाइलवरून. पेलले नाही ते बहुउद्देशीय यंत्र एकाच उद्देशासाठी अखंड चालू ठेवण्याचे ओझे. केंद्रावरील चालकास नोंद भरण्याचे प्रशिक्षण होते. परंतु यंत्र आपल्या गावाच्या गरजेनुसार बदलण्याचा अधिकार आणि त्यासाठीचे ज्ञान हे केंद्राबाहेर होते. यंत्र गावात आले, जुळणी मात्र गावाबाहेरच राहिली. मोबाइल टिकला याचे एक कारण त्यात जुळविण्यासारखे फारच थोडे होते, हे होय.

७. ऑटोरन : सोयीच्या वाटेने आलेला धोका

दृक्-श्राव्य सोय आणि विषाणू यांचा सर्वांत निकटचा संबंध एका सेटिंगमध्ये दिसून येतो. १९९५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या विंडोज ९५ प्रणालीत 'ऑटोरन' ही सोय देण्यात आली. सीडी घातली की तीवरील 'ऑटोरन डॉट आयएनएफ' ही छोटी धारिका वाचून कार्यक्रम आपोआप सुरू होई. विश्वकोश, भाषाशिक्षण, गाणी, चित्रपट यांच्या सीडी लोकप्रिय होण्यात या सोयीचा वाटा मोठा आहे. कारण वापरकर्त्याला काहीच करावे लागत नव्हते.

या सोयीतील धोका २००५ मध्ये प्रथम मोठ्या प्रमाणावर उघड झाला. सोनी बीएमजी कंपनीच्या काही संगीत-सीडी संगणकात घातल्यावर नक्कलप्रतिबंधक प्रणाली वापरकर्त्यास स्पष्ट कल्पना न देता संगणकात लपून बसत असल्याचे अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ मार्क रसिनोविच यांनी दाखवून दिले. गाणे ऐकण्याची क्रिया ही सुरक्षेच्या प्रश्नाशी जोडली गेली. प्रतिविषाणू कंपन्यांनी आधी हा प्रकार जाहीरपणे उघड केला नव्हता, हेही उल्लेखनीय आहे.

पुढे सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली आणि ऑटोरनच्या मार्गाने विषाणूंचा सुकाळ झाला. नोव्हेंबर २००८ मध्ये प्रकटलेल्या 'कॉनफिकर'च्या पुढील आवृत्त्यांनी इतर मार्गांबरोबर याही मार्गाचा उपयोग केला. महाविद्यालयीन जगताला हा काळ चांगलाच परिचित आहे. विद्यार्थी प्रकल्पाचा अहवाल पेनड्राइव्हवर आणत, प्राध्यापक पॉवरपॉइंटचे सादरीकरण सभागृहातील संगणकावर लावत, झेरॉक्सच्या दुकानात छपाई होई; आणि या प्रवासात फोल्डर अदृश्य होत, त्यांच्या जागी तशाच नावाचे शॉर्टकट दिसत. दस्तऐवज नष्ट झालेले नसत. ते केवळ लपविलेले असत. 'अ‍ॅट्रिब' ही डॉसची जुनी आज्ञा देऊन ते परत दृश्यमान करता येत. ज्यास ही आज्ञा ठाऊक नव्हती, त्याने पेनड्राइव्ह फॉरमॅट केला आणि जे लपलेले होते ते स्वतःच्या हाताने पुसले. अज्ञानाने झालेली हानी विषाणूने केलेल्या हानीहून मोठी ठरल्याचे हे उदाहरण होय.

याही वेळी उपाय सेटिंगमध्येच होता. विंडोजच्या नोंदवहीतील एक मूल्य बदलून २५५ केले, की सर्व प्रकारच्या ड्राइव्हवरील ऑटोरन बंद होत असे. सीडी घालताना शिफ्ट कळ दाबून धरणे हा तात्पुरता उपाय होता. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हसाठी ही सोय मुळातच काढून टाकण्यात आली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या आवृत्त्यांसाठीही तशी सुधारणा देण्यात आली. १९९५ ते २०११ या सोळा वर्षांत एका पर्यायाच्या मूळ स्थितीने अगणित संगणकांचे भवितव्य ठरविले. ती स्थिती ठरविणारे दूर होते आणि तिचे परिणाम भोगणारे कराड, विटा, तासगाव, फलटण यांसारख्या गावांतील महाविद्यालयांतही होते.

८. अक्षरांची जुळणी आणि प्रशिक्षण

सेटिंगचा प्रश्न भाषेपासून वेगळा करता येत नाही. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपी प्रणालीत देवनागरी अक्षरे योग्य दिसण्यासाठी प्रादेशिक पर्यायांत जाऊन जटिल लिप्यांची सोय स्वतंत्रपणे चालू करावी लागे, आणि त्या वेळी मूळ सीडी हाताशी असणे आवश्यक असे. ती नसल्यास युनिकोडमधील मराठी मजकुरातील वेलांट्या भलत्या जागी पडत आणि जोडाक्षरे फुटत. सोय उपलब्ध होती, परंतु मुळात बंद होती. तिचा शोध न लागल्याने अनेक कार्यालये व महाविद्यालये दीर्घकाळ जुन्या, परस्परांशी न जुळणाऱ्या फाँटवर अवलंबून राहिली. त्या काळातील कितीतरी लेख व अहवाल आज उघडले असता निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसतात. विषाणूविना झालेली ही हानीही इतिहासात नोंदवावी लागेल.

याच वर्षी महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रम सुरू झाला. तालुक्याच्या गावी संगणक पोहोचविण्यात आणि शासकीय कर्मचाऱ्यांस संगणकसाक्षर करण्यात या अभ्यासक्रमाचे योगदान मोठे आहे. तथापि संगणकसाक्षरतेची सर्वसाधारण कल्पना 'वापरता येणे' येथपर्यंत राहिली. पत्र लिहिणे, तक्ता करणे, सादरीकरण करणे शिकविले गेले. यंत्राच्या निर्णयांची तपासणी करणे आणि ते बदलणे हे मात्र 'हार्डवेअरवाल्या'चे काम मानले गेले. कारखान्यातील चालक व सेटर ही विभागणी अशा रीतीने कार्यालयात आणि वर्गातही आली.

९. २०१७ आणि २०२० : दोन धडे

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणकांवर हल्ला केला. विंडोजमधील ज्या त्रुटीचा त्याने लाभ घेतला, तिच्यावरील दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीच उपलब्ध झाली होती. जेथे स्वयंचलित अद्ययावतीकरण चालू होते तेथे दोन महिन्यांचा अवधी हाती होता. जेथे ते बंद होते तेथे तो अवधी वाया गेला. मंद इंटरनेट, मर्यादित डेटा, परवाना नसलेल्या प्रती आणि तासिका चालू असताना संगणक पुन्हा सुरू होण्याची अडचण ही अद्ययावतीकरण बंद ठेवण्याची परिचित कारणे आहेत. ती अविचारी नव्हती. प्रत्येकामागे एक व्यावहारिक निकड होती. परंतु निर्णय एकदा घेतला गेला आणि तो घेतल्याचे कोणाच्याच स्मरणात राहिले नाही, ही खरी चूक होती.

दुसरा धडा २०२० च्या टाळेबंदीचा. शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील कोल्हापूर, सांगली व सातारा या तिन्ही जिल्ह्यांत, देशभरातल्याप्रमाणेच, अध्यापन पडद्यावर आले. पूर्वी सभागृहातील तंत्रज्ञ पाहत असे ती ध्वनिक्षेपक, कॅमेरा, प्रकाश आणि पडदा यांची जुळणी प्राध्यापकास स्वतः करावी लागली. ब्राउझरने मायक्रोफोनची परवानगी नाकारली, प्रतिविषाणू प्रणालीने कॅमेरा अडविला, किंवा अग्निभिंतीने जोडणी तोडली, तर साठ विद्यार्थी ताटकळत राहत. याच वेळी, एप्रिल २०२० मध्ये, केंद्रीय गृहमंत्रालयाने झूम प्रणालीच्या वापराविषयी सूचना प्रसृत केल्या. प्रत्येक बैठकीस नवा परवलीचा शब्द ठेवणे, प्रतीक्षाकक्ष चालू करणे, यजमानापूर्वी प्रवेश बंद करणे, पडदा दाखविण्याचा अधिकार यजमानापुरता मर्यादित ठेवणे असे त्यांचे स्वरूप होते. शासनाच्या परिपत्रकाचा विषय एखाद्या प्रणालीतील पर्याय हा असावा, ही घटना सेटिंगच्या इतिहासात महत्त्वाची मानावी लागेल. जे काम दुय्यम समजले जात होते, त्याला प्रथमच सार्वजनिक महत्त्व आले.

या संदर्भात सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे २००८ मध्ये सुरू झालेल्या 'माणदेशी तरंग वाहिनी' या सामुदायिक रेडिओचा उल्लेख आवश्यक ठरतो. सामुदायिक रेडिओचे प्रक्षेपण अल्पशक्तीचे आणि मर्यादित परिसरापुरते असते. परंतु ध्वनिमुद्रण, संपादन आणि प्रसारण ही कामे स्थानिक माणसांनी करावयाची, हे त्याचे तत्त्व आहे. दुष्काळी माणदेशात यंत्र आणि जुळणी दोन्ही गावातच राहू शकतात, हे या उदाहरणावरून दिसते. वारणेच्या अनुभवाशी त्याची तुलना उद्बोधक आहे.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात :

१) सातारा-सांगली परिसरात यंत्र जुळविण्याच्या ज्ञानाची परंपरा संगणकाच्या आधीपासून आहे. मिरजेचे वाद्यकारागीर, कारखान्यातील सेटर आणि दुरुस्तीचे दुकानदार हे तिचे क्रमशः वाहक होत. भारतीय प्रतिविषाणू उद्योगातील एक प्रमुख प्रणाली दुरुस्तीच्या व्यवसायातून निर्माण झाली, हा या परंपरेचाच विस्तार आहे.

२) दृक्-श्राव्य सोय आणि विषाणूंपासूनचे संरक्षण यांचा इतिहास एकत्रच अभ्यासला पाहिजे. स्मृतीसाठीची स्पर्धा, ऑटोरन आणि कॅमेऱ्याची परवानगी या तिन्ही टप्प्यांवर एकीची सोय ही दुसरीची अडचण ठरली आहे.

३) अनेक मोठ्या हानींवरील उपाय अल्पखर्चाचे होते : सुरुवातीचा क्रम बदलणे, एक मूल्य पालटणे, एक पर्याय चालू करणे. उणीव पैशाची नव्हती. तो पर्याय आपला आहे आणि तो बदलण्याचा आपल्याला अधिकार आहे, या जाणिवेची होती.

४) प्रणाली तयार करणाऱ्याने दिलेली मूळ स्थिती तटस्थ नसते. ती कोणाची तरी सोय पाहून ठरविलेली असते.

महाविद्यालयांच्या दृष्टीने या इतिहासाचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. जडवस्तू नोंदवहीत प्रत्येक संगणकाचा क्रमांक, किंमत आणि खरेदीची तारीख लिहिली जाते. त्याच वहीशेजारी दुसरी एक वही असावयास हवी. कोणत्या संगणकावर कोणता पर्याय, कोणी, केव्हा आणि कशासाठी बदलला, याची नोंद तीत व्हावी. अद्ययावतीकरण परीक्षेपुरते बंद केले असेल तर ते पुन्हा चालू करण्याची तारीखही तीत असावी. अशी वही ठेवणारा विभाग येणाऱ्या संकटास अधिक सज्ज राहील, आणि पुढील इतिहासकारासही आज उपलब्ध नसलेले साधन त्यातून मिळेल. तंबोऱ्याची जवारी झिजते तेव्हा ती पुन्हा काढावी लागते, हे मिरजेच्या कारागिरास कोणी सांगावे लागत नाही. संगणकाच्या बाबतीत ही समज शैक्षणिक संस्थांत रुजणे अद्याप बाकी आहे.